गन शोमधले जुने चाकू: हेरायचे कसे, पारखायचे कसे, सौदा कसा करायचा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तुल्साला नोकरीसाठी येऊन वर्ष झालं, एच-वन-बी व्हिसावर आहात, आजोबांच्या खिशातला घडीचा चाकू लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे, आणि आता नोव्हेंबरच्या गन शोला, म्हणजे बंदुका आणि चाकू टेबलांवर मांडून विकायच्या बाजाराला, जाऊन एखादा चांगला जुना अमेरिकन चाकू घ्यायचा विचार आहे. तिथे खरोखर चांगला माल असतो का, फसगत कशी टाळायची आणि चाकूला चाकू असा सौदा होतो का, हे तुम्ही विचारलंय. मी 22 वर्षं ओक्लाहोमा, टेक्सस आणि आर्कन्सॉतले शो फिरतोय, त्यातली शेवटची 9 वर्षं स्वतःचं टेबल लावतोय. माल असतो, फसगतही होते, आणि सौदा तर होतोच. मी मुख्यतः त्या सौद्यासाठीच जातो.

व्हिसाचं आधी सांगतो, कारण तिथली चूक चाकूपुरती राहत नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. शो बघायला जायला काहीच हरकत नाही. चाकू त्या कायद्याखाली बंदुकीत मोडत नाहीत आणि ते घ्यायला कुठली तपासणी होत नाही. पण टेबलावरची रायफल कोणी कौतुकाने तुमच्या हातात द्यायला लागलं तर हात मागे घ्या. अदलाबदलीत आणखी एक गोष्ट हमखास होते. हिशेब थोडक्यासाठी अडला की समोरचा म्हणतो, ‘वर काडतुसांच्या दोन डब्या देतो.’ त्या घ्यायच्या नाहीत. रोख मागा, नाहीतर आणखी एक चाकू मागा.

चाकूंचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. ओक्लाहोमात खटक्याच्या, म्हणजे बटण दाबताच पातं उघडणाऱ्या, चाकूवरची बंदी 2015 मध्ये उठली, पण कॅलिफोर्नियात 2 इंच किंवा त्याहून लांब पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगणं गुन्हा आहे. टेक्ससने 1 सप्टेंबर 2017 पासून मोठे चाकू मोकळे केले, तरी साडेपाच इंचांवरचं पातं शाळा आणि काही बारसारख्या ठिकाणी नेता येत नाही. गाडीने दुसऱ्या राज्यातल्या शोला निघाल तेव्हा वाटेतल्या राज्यांचे नियम बघून निघा.

आता शोबद्दल. तुल्साचा वॅननमाकर आर्म्स शो एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये भरतो. एका छपराखाली 11 एकर जागा आणि 4,000 च्या वर टेबलं. पहिल्या वर्षी मी दारापासून ओळीने एकेक टेबल बघत गेलो आणि दुपारपर्यंत डोळे इतके शिणले की समोर काय पडलंय ते कळेना. तुम्ही पहिला तास नुसते चाला. काही उचलू नका, भाव विचारू नका. कुठल्या ओळीत काय आहे एवढंच कागदावर टिपा, कारण ‘मगाशी बघितलेलं ते टेबल’ 11 एकरांत पुन्हा सापडत नाही.

चाकूंची टेबलं लांबूनही ओळखू येतात. काही टेबलांवर चकचकीत, नागमोडी नक्षीच्या ‘दमास्कस’ चाकूंचे ढीग असतात, दोन-दोन वितींच्या सुऱ्या आणि रंगीत मुठी. यातला बराचसा माल पाकिस्तानातल्या वजीराबादचा. वजीराबादला चांगलं काम करणारे कारागीर आहेत, पण या ढिगांतल्या पात्यांना कडकपणा कितपत दिलाय हे कोणी सांगू शकत नाही. पुढे चला. दुसऱ्या प्रकारची टेबलं मुरलेल्या चाकूवाल्यांची. काचेच्या झाकणाच्या पेट्या, प्रत्येक चाकूला चिठ्ठी, चिठ्ठीवर साल आणि भाव. इथे स्वस्तात काही मिळणार नाही, पण शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही. गर्दी नसताना जा, एकच चाकू दाखवून ‘याचं साल कशावरून ओळखलंत?’ असं विचारा. खऱ्या जाणकाराला हा प्रश्न आवडतो. माझं निम्मं ज्ञान अशाच उभ्या-उभ्या गप्पांतून आलं.

मी मात्र शोधत असतो ते तिसरं टेबल. तिथे रायफली ओळीने मांडलेल्या असतात आणि कोपऱ्यात सिगारची लाकडी पेटी किंवा पावाचा पत्र्याचा ट्रे असतो, त्यात दहाबारा चाकू. हा माणूस बंदुकांचा. कुणाच्या तरी घरातला सगळा संग्रह एकगठ्ठा घेताना चाकू सोबत आले, आणि घरी परत न्यायला नकोत एवढीच त्याची इच्छा असते. म्हणून अटलांटाच्या जूनमधल्या ब्लेड शोला, जिथे प्रत्येक माणूस चाकूंचाच, तिथे स्वस्तात जे मिळत नाही ते गन शोमध्ये मिळतं. या पेट्यांसाठी शनिवारी सकाळी लवकर जा. रविवारी दुपारी भाव उतरतात हे खरं, पण तोवर चांगले चाकू गेलेले असतात. त्यातले बरेचसे तर दारं उघडायच्या आधी, टेबलं लावतानाच आम्हा टेबलवाल्यांच्या आपापसात फिरतात. छंद टिकला तर एखाद्या ओळखीच्याबरोबर अर्धं टेबल घ्या. भाड्याचे पैसे त्या पहिल्या दोन तासांत वसूल होतात.

सोबत काय न्यायचं? 10 पटीचं भिंग, छोटी टॉर्च, 6 इंची पट्टी, मऊ सुती फडकं, आणि रोख. शंभराच्या नोटा एका खिशात, विसाच्या दुसऱ्या.

उचलण्याआधी ‘बघू का?’ असं विचारा. घडीचा चाकू नखाच्या खाचेत नख घालून सावकाश उघडा आणि तितकाच सावकाश मिटा. पातं फाटकन मिटलंत तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटू शकते, आणि विकणारा तोंडाने काही बोलला नाही तरी त्याचं तुमच्याबद्दलचं मत तिथेच ठरतं. पात्याच्या सपाटीला बोट लावू नका. कार्बन पोलादावर घामाचा ठसा चार दिवसांत गंजून उमटतो. चुकून लागलंच तर त्याच्यासमोर फडक्याने पुसा. या एका सवयीमुळे मला कितीतरी जणांनी टेबलाखालची पेटी काढून दाखवली आहे.

उघडताना कान द्या. चांगल्या स्प्रिंगचं पातं शेवटाला ‘टक्’ करून बसतं, मिटतानाही तसंच ओढीने आत जातं. इथले संग्राहक याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. उघडलेलं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, लटपटायला नको. मग चाकू मिटा आणि डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा. पात्याचं टोक मुठीच्या कडेखाली बुडालेलं हवं. वर डोकावत असेल तर ते पातं वर्षानुवर्षं दगडावर घासून बरंच झिजलंय, कारण धारेकडून पोलाद गेलं की टोक पाठीकडे सरकत जातं. दोन पात्यांचा चाकू असेल तर दोन्हींची रुंदी ताडून पाहा. मोठं पातं वापरून निम्मं झालेलं आणि छोटं कोरं, असे चाकू फार असतात. वापरायला ते उत्तम, पण संग्रहाचा भाव देऊ नका.

रंगाला घाबरू नका. आपल्या विळीच्या पात्यावर कांदे-कैऱ्या चिरून जी करडी, निळसर छटा येते तीच इथल्या जुन्या पात्यांवर असते. ती पात्याचं रक्षण करते. वाईट असतो तो लाल गंज आणि त्याच्या खालचे बारीक खड्डे, कारण ते घासून जात नाहीत. त्याहून मला नकोसा वाटतो तो मशीनवर घासून आरशासारखा केलेला जुना चाकू. शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा बोथट, गोलसर दिसल्या की समजा पॉलिशचं चाक फिरलंय.

शिक्का असतो तो पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून जो बिनधारेचा तुकडा असतो त्यावर. त्याला टँग म्हणतात. भिंग तिथे लावायचं. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीचे चाकू मी नवख्यांना याचसाठी सुचवतो की त्यांचा शिक्का साल सांगतो. नुसतं ‘केस एक्स एक्स’ असेल तर 1964 किंवा आधीचा. त्याखाली ‘यूएसए’ आलं तर 1965 ते 1969. 1970 मध्ये शिक्क्याखाली 10 ठिपके आले आणि दर वर्षी एकेक ठिपका कमी होत गेला, म्हणजे 7 ठिपके 1973 चे आणि 1 ठिपका 1979 चा. 1980 ला पुन्हा 10 ठिपके, पण तेव्हा कंपनीच्या नावातला ‘एस’ विजेच्या लोळासारखा कोनदार झाला. दुसऱ्या बाजूचा आकडाही वाचता येतो. 6254 मधला 6 म्हणजे कोरीव हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती, 54 हा घाट, ज्याला ट्रॅपर म्हणतात. पहिला आकडा 3 असेल तर मूठ पिवळ्या कृत्रिम द्रव्याची हवी, 5 असेल तर सांबरशिंगाची. शिक्क्यावर 5 आणि मूठ हाडाची, असं दिसलं तर मूठ बदललेली आहे. 1965 नंतरच्या चाकूवरचं ‘यूएसए’ घासून तो आधीचा म्हणून विकणारेही आहेत. तिथली जागा किंचित खोलगट लागते. टॉर्च तिरपी धरली की खळगा दिसतो.

मी स्वतः फसलो तो रेमिंग्टनवर. रेमिंग्टनने 1920 ते 1940 अशी फक्त वीस वर्षं चाकू बनवले. मुठीवर काडतुसाच्या आकाराची पट्टी असलेले त्यांचे ‘बुलेट’ चाकू संग्राहकांत सगळ्यात मानाचे, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका विक्रेत्याने फडक्यात गुंडाळलेला एक बुलेट काढून दाखवला. आजोबांचा, शेतघरात सापडलेला, आजी आजारी, अशी सगळी कथा सांगितली. मी 600 डॉलर मोजले. घरी आल्यावर दिव्याखाली धरला तेव्हा पातं मिटताना टँग आणि मुठीच्या धातूच्या टोपीमधून उजेडाची फट दिसली. कुठल्यातरी साध्या जुन्या चाकूचा मूळ शिक्का घासून टँग पातळ केली होती आणि वर रेमिंग्टनचा नवा शिक्का मारला होता. पातं झिजलेलं आणि शिक्क्याची अक्षरं मात्र काल कोरल्यासारखी. हे दोन्ही मला टेबलावरच दिसायला हवं होतं, पण मी चाकू बघत नव्हतो, गोष्ट ऐकत होतो. तेव्हापासून विकणारा बोलायला लागला की मी मान डोलावतो आणि भिंग टँगवर ठेवतो.

पेटीतल्या रंगीबेरंगी, मोतिया किंवा लाटांच्या नक्षीच्या मुठींचं एक सांगून ठेवतो. 1950 च्या आधीच्या अशा बऱ्याच मुठी सेल्युलॉइडच्या असतात, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या जुन्या प्लास्टिकच्या. दिसायला देखण्या, पण म्हातारपणी त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं आतूनच खाल्लं जातं. पितळेवर हिरवा थर, मुठीला बारीक भेगा, उघडल्यावर आंबूस वास, ही लक्षणं. असा चाकू इतरांच्या शेजारी ठेवला तर नासक्या आंब्याने अढी नासते तसं होतं. मी सेल्युलॉइडचे चाकू घेतो, पण ते वेगळ्या, हवेशीर ट्रेमध्ये राहतात.

गन शोची खरी श्रीमंती लष्करी चाकूंत आहे. दुसऱ्या महायुद्धात मरीन सैनिकांना मिळालेला, 7 इंची पात्याचा, कातडी चकत्यांच्या मुठीचा केए-बार सगळ्यांना माहीत असतो, पण तो फक्त केए-बारनेच बनवला नाही. कॅमिलस, रोबेसन आणि पाल या कंपन्यांनीही बनवला. पात्यावर किंवा पातं आणि मुठीमधल्या आडव्या पट्टीवर कोणाचं नाव आहे त्यावर भाव फिरतो. माझा आवडता आहे तो वैमानिकांचा सर्व्हायवल चाकू. 5 इंची पातं, पाठीला करवतीचे दात, म्यानाला छोट्या सहाणेचा खिसा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलसने त्यावर महिना आणि साल ठोकलेलं असायचं. ती कंपनी 2007 मध्ये बंद पडली.

पहिली खरेदी कशाची करावी, तर माझं मत श्रेड ओल्ड टायमर 8ओटी. तीन पाती, कार्बन पोलाद, करवतीने चरे पाडल्यासारखी तपकिरी मूठ. न्यूयॉर्कच्या एलेनव्हिलचा हा कारखाना 2004 मध्ये बंद झाला. त्यानंतर त्याच नावाने चिनी बनावटीचे चाकू आले, म्हणून टँगवर ‘श्रेड यूएसए’ वाचल्याशिवाय घेऊ नका. हे चाकू इतके विकले गेले की प्रत्येक शोमध्ये सापडतात, वापरायला सुरेख, आणि कोणालाही अदलाबदलीत चालतात. असे तीन-चार चांगले जमवलेत की तुमच्याकडे सौद्याचं भांडवल तयार.

आता सौदा. पाच-सहा चाकू खिसे शिवलेल्या कापडी गुंडाळीत न्या आणि प्रत्येकाचा रोख भाव घरीच ठरवून जा. टेबलावर गेल्यावर गुंडाळी लगेच उघडू नका. आधी त्याच्या चाकूचा रोखीचा भाव विचारा आणि तो उत्तर देईपर्यंत अदलाबदलीचा शब्द काढू नका. कारण सौदा म्हटला की बरेच जण आपल्या चाकूला दुकानाचा भाव लावतात आणि तुमच्या चाकूला भंगाराचा. रोखीचा आकडा एकदा बाहेर पडला की दोन्ही चाकू एकाच तराजूत येतात. फरक उरला तर वरचे पैसे कोणी कोणाला द्यायचे तेवढं बोलायचं असतं. आणि एक रीत पक्की लक्षात ठेवा: चाकू तुमच्या हातात आहे तोवर तो सौदा तुमचा, दुसरा कोणी मध्ये बोलणार नाही. विचार करायला म्हणून खाली ठेवलात की शेजारच्याने उचलला तरी तक्रार करायची नाही. दुसऱ्याच्या हातातल्या चाकूबद्दल तुम्हीही तोंड उघडायचं नाही, तो नकली दिसत असला तरी. तो टेबलापासून दूर गेल्यावर विचारलं तर सांगा.

गेल्या एप्रिलचा एक सौदा सांगतो. वयाची ऐंशी उलटलेले एक गृहस्थ, टेबलावर चार बंदुका आणि ट्रेमध्ये चाकू. त्यात 7 ठिपक्यांचा 6254 होता, दोन्ही पाती पूर्ण, हाडाच्या मुठीचा रंग पिकलेल्या चिंचेसारखा. रोख 140 म्हणाले. मी भाव केला नाही, कारण तो वाजवी होता. ‘तुम्ही काय शोधताय?’ एवढंच विचारलं. ते हवाई दलात होते, म्हणाले. मी गुंडाळीतून कॅमिलसचा वैमानिकांचा चाकू काढला, शिक्का 1967 चा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आकडा डोळ्यांजवळ नेला, मग त्यावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या चाकूची मी 110 किंमत धरली होती. मी वर एक ओल्ड टायमर ठेवला, त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला आणि ‘20 दे’ म्हणाले. समोरच्याला काय हवंय ते विचारायला पैसे पडत नाहीत, तरी दहांतले नऊ जण विचारत नाहीत.

दुसरीकडे मी एक रेघ आखून घेतली आहे. व्यापाऱ्याशी ज्ञानाची लढत आहे. त्याला आपल्या मालाची किंमत कळली नाही तर तो त्याचा प्रश्न. पण नवरा गेल्यावर त्याचं सामान विकायला बसलेली बाई व्यापारी नव्हे. एकदा अशा एका टेबलावर 25 डॉलरची चिठ्ठी लावलेला चाकू दिसला. पात्यावर ‘रँडल मेड, ऑर्लँडो, फ्लोरिडा’. बो रँडल यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली ती कर्मशाळा, जिथे आजही चाकूसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मी चिठ्ठी काढली आणि त्या बाईंना सांगितलं की याचे काहीशे डॉलर येतील, आज विकू नका. चाकू मला मिळाला नाही. पण त्यांच्याकडे चाकूंचा आणखी एक डबा होता, तो त्यांनी पुढच्या शोला आधी मला दाखवला आणि मी त्याचे पूर्ण पैसे दिले. तुम्हीही असंच करावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

मुठींच्या कायद्याबद्दल दोन शब्द. हस्तिदंती मुठीला हात लावू नका. आफ्रिकी हस्तिदंताच्या राज्याराज्यांतल्या व्यापारावर 2016 पासून जवळजवळ पूर्ण बंदी आहे आणि जुनेपणाचे कागद तुमच्याकडे नसणार. सांबरशिंगाचं वेगळं आहे. अमेरिकन, इंग्रज आणि जर्मन कारखान्यांच्या सुंदर मुठींचं शिंग पिढ्यान्‌पिढ्या भारतातूनच जायचं. भारताने निर्यात बंद केल्यावर त्या चाकूंचे भाव चढले. इथे ते बिनदिक्कत घ्या, पण गावी दाखवायला म्हणून भारतात नेऊ नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. तसंच भारताच्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं, घरकाम-शेतीचं नसेल तर, परवान्याच्या कक्षेत येतं. केए-बार त्या मर्यादेच्या आत असला तरी विमानतळावर समजावत बसावं लागेल.

घरी आणलेला चाकू कातडी म्यानात ठेवू नका. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि धरलेला ओलावा, दोन्ही पोलादाला खातात. खनिज तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पातं पुसा, मेणकागदात गुंडाळा, म्यान शेजारी ठेवा.

आणि आजोबांचा तो चाकू अजून गावच्या घरी असेल तर त्याच्या टँगचा जवळून काढलेला फोटो मागवा. त्यावर चांदणी आणि तिच्याशेजारी रुंद हातांचा क्रॉस दिसला तर तो शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा असण्याची शक्यता आहे. इंग्रजी अमलात ते चाकू हिंदुस्थानात खूप आले. घरच्यांना सांगा, राखेने किंवा घासणीने घासायचा नाही, फक्त तेलाचा हात फिरवून सुक्या जागी ठेवायचा. पुढच्या खेपेला आणाल तेव्हा हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानात गुंडाळून आणा. नोव्हेंबरमध्ये मी शनिवारी सकाळपासून टेबलावर आहे, तोवर फोटो आला तर दाखवायला घेऊन या.